लाल औषध शिरेबाहेर गेलं तर? कोकणातल्या छोट्या केमो डे-केअरसाठी नेमकी पद्धत हवी आहे

सिस्टर_तळकोकण

नमस्कार. सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी चार खाटांचं केमो डे-केअर आहे. बहुतेकांची केमोची पहिली सायकल (फेरी) मुंबईला किंवा गोव्यात बांबोळीला होते. पुढच्या सायकली प्रोटोकॉलचा कागद घेऊन इथेच. सिस्प्लॅटिन, पॅक्लिटॅक्सेल, ५-एफयू जास्त असतात. स्तनाच्या कॅन्सरला डॉक्सोरुबिसिन (हेच लाल औषध) आणि सायक्लोफॉस्फमाइड, आणि कधीतरी लिम्फोमाचा पेशंट आला तर व्हिंक्रिस्टिन. ऑन्कोलॉजिस्ट आठवड्यातून एकदा येतात, इतर दिवशी मेडिकल ऑफिसर आणि आम्ही.

औषध शिरेबाहेर गेलं तर काय करायचं याचा एक कागद भिंतीवर लावायचा आहे. तीन-चार ठिकाणी अडलं आहे.

बर्फ कुठल्या औषधाला आणि शेक कुठल्या औषधाला? वॉर्डात सलाईन आऊट गेलं की सवयीने मॅगसल्फ-ग्लिसरीनची पट्टी ठेवतात, वर हेपरिनचं मलम. केमोला हे चालतं का? लाल औषधाच्या गळतीवरचा उतारा, डेक्स्राझोक्सेन, महाग आहे, ते ठेवायलाच हवं का? आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे पेशंट दुपारच्या एसटीने घरी जातो. वाडी रस्त्यापासून आत, फोनला रेंज नाही. त्याला नेमकं काय सांगून पाठवायचं?

केमोनर्स_२०

सिस्टर, कागदाची सुरुवात एकाच ओळीने करा आणि ती ठळक लिहा: औषध थांबवा, इंट्राकॅथ (शिरेत बसवलेली बारीक नळी) काढू नका. घाईत पहिला हात सुई काढण्याकडे जातो आणि तिथेच चूक होते. आत सांडलेलं औषध मागे ओढून घ्यायला तीच एक वाट असते, ती आपणच बंद करतो.

क्रम असा. इन्फ्युजन बंद. नळी इंट्राकॅथपासून सोडवा. नवीन रिकामी १० मिलीची सिरिंज थेट इंट्राकॅथला लावा आणि हळू मागे ओढा. कधी दोन-तीन मिली येतं, कधी थेंबभर, कधी काहीच नाही. काही आलं नाही म्हणून जोर लावायचा नाही. आणि काही झालं तरी सलाईनने फ्लश करायचं नाही, कारण फ्लश केलं की नळीत आणि इंट्राकॅथमध्ये उरलेलं औषधही तुम्ही स्वतःच्या हाताने मांसात ढकलता. मग ओढत ओढतच इंट्राकॅथ बाहेर घ्या. वर कोरडा गॉझ नुसता टेकवा, दाबू नका, चोळू नका. दाबलं की औषध पसरतं.

यानंतर त्वचेवर मार्करने सुजेची कड आखा, आत तारीख आणि वेळ लिहा, शेजारी सेंटिमीटरची पट्टी ठेवून फोटो काढा. सिरिंजमध्ये किती उरलं ते बघा, म्हणजे किती आत गेलं याचा अंदाज येतो. हात उशीवर, हृदयाच्या पातळीपेक्षा वर. तो पुढचे ४८ तास जमेल तितका वरच राहू द्यायचा, मात्र बोटं हलवत राहायची, नाहीतर सांधे आखडतात.

एवढं होईपर्यंत दुसऱ्या माणसाने डॉक्टरांना फोन केलेला असायला हवा. फोन लागत नाही म्हणून वरचं काहीही थांबवायचं नाही.

आता मुळात गळू नये म्हणून. कोकणातल्या पेशंटला सुई मनगटावर किंवा कोपराच्या खळगीत लावायची सवय दिसते, कारण तिथे शीर पटकन मिळते. व्हेसिकंटसाठी, म्हणजे शिरेबाहेर गेल्यावर मांस मारणाऱ्या औषधासाठी, या दोन्ही जागा वाईट. त्वचेखाली लगेच नसा, स्नायूबंध आणि सांधा. तिथे औषध सांडलं तर नुसती त्वचा जात नाही, हाताचं काम जातं. कोपराच्या खळगीत तर सूज खोल राहते, वरून दिसतच नाही. पुढच्या हाताचा मधला भाग घ्या, मनगट आणि कोपर यांच्या मध्ये. हाताचा पंजा दुसऱ्या पसंतीचा. पाय नाहीच. ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत तो हात नाही.

स्टीलची बटरफ्लाय सुई व्हेसिकंटला वापरायची नाही, हात हलला की ती शीर आतून फाडते. निळं २२ किंवा पिवळं २४ नंबरचं इंट्राकॅथ मोठ्या शिरेत बसवलं की आजूबाजूने रक्त वाहत राहतं आणि औषध पातळ होऊन पुढे जातं. कालचं इंट्राकॅथ वापरू नका. आणखी एक चूक फार वेळा होते. पहिल्या प्रयत्नात शीर फुटली की त्याच शिरेवर खाली, पंजाच्या बाजूला, दुसरं टोचलं जातं. औषध वर जाताना त्या आधीच्या भोकातून बाहेर येतं. दुसरा प्रयत्न नेहमी पहिल्या भोकाच्या वर, हृदयाच्या बाजूला, नाहीतर सरळ दुसऱ्या हातावर. सकाळी रक्त तपासायला टोचलं असेल तर तेही भोकच, ते विसरू नका.

पांढऱ्या प्लास्टरने जागा झाकू नका. पारदर्शक ड्रेसिंग लावा, टोक दिसलंच पाहिजे.

देताना: वेगाने वाहणाऱ्या सलाईनच्या नळीला असलेल्या बाजूच्या तोंडातून डॉक्सोरुबिसिन हाताने, हळू. शरीराचं क्षेत्रफळ १.५ चौरस मीटर असलेल्या बाईला ६० मिग्रॅ प्रति चौरस मीटर म्हणजे ९० मिग्रॅ, २ मिग्रॅ प्रति मिलीच्या द्रावणात ४५ मिली. दर ३ मिलीला थांबून रक्त मागे येतं का बघायचं, म्हणजे १५ वेळा. कंटाळवाणं आहे, पण हेच काम आहे. पंपावर व्हेसिकंट हाताच्या शिरेत लावू नका. पंपाला शीर आणि मांस यातला फरक कळत नाही, तो ढकलत राहतो.

आणि रक्त मागे येतंय म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालू नका. टोक अर्धं शिरेत, अर्धं भिंतीबाहेर असेल तर रक्तही येतं आणि औषधही गळतं. सगळ्यात आधी सांगतो तो पेशंट. 'सिस्टर, हंय चुरचुरता' एवढं म्हणाला की थांबायचं. 'जरा होतंच असं' हे वाक्य वॉर्डातून हद्दपार करा. आपल्याकडचे म्हातारे पेशंट सिस्टरला त्रास नको म्हणून गप्प बसतात. सुरू करण्याआधीच त्यांना सांगा: दुखलं, जळलं, घट्ट वाटलं, ओलं वाटलं तर लगेच ओरडायचं, ते आमच्या उपयोगाचं आहे. ज्यांच्या हाताच्या बोटांना आधीच्या पॅक्लिटॅक्सेलने किंवा व्हिंक्रिस्टिनने बधिरपणा आहे, जे अॅव्हिलच्या इंजेक्शनने पेंगले आहेत, त्यांना दुखणं कळणारच नाही. त्यांच्याकडे नजर तुमचीच हवी. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही. बोटाने चाचपा, दोन्ही हात शेजारी ठेवून बघा: एक बाजू ताठ, थंड, फुगलेली लागते का.

औषधशास्त्र_रत्नागिरी

वरचं सगळं बरोबर. मी औषधांचं आणि किटचं लिहितो.

आधी कारण समजून घ्या, म्हणजे बर्फ की शेक हे पाठ करावं लागणार नाही. काजू सोलणाऱ्या बायकांचे हात टरफलातल्या तेलाने कसे भाजतात ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. ते तेल वरून जाळतं, थोड्या दिवसांत कातडी जाते आणि नवी येते. डॉक्सोरुबिसिन, एपिरुबिसिन, डॉनोरुबिसिन ही लाल औषधं आतून जाळतात आणि संपत नाहीत. ती पेशीच्या डीएनएला चिकटतात. ती पेशी मेली की औषध सुटं होतं आणि शेजारची पेशी ते घेते. म्हणून जखम पहिल्या दिवशी किरकोळ दिसते आणि पुढचे काही आठवडे खोल व रुंद होत राहते. याला कोंडायचं असतं: थंड शेक, शिरा आकसतात, औषध जागीच राहतं. मायटोमायसिनलाही थंडच.

व्हिंक्रिस्टिन, व्हिनब्लास्टिन, व्हिनोरेल्बिन डीएनएला चिकटत नाहीत. शरीर ती मोडून टाकू शकतं, फक्त ती एका जागी साठता कामा नयेत. यांना पसरवायचं असतं: गरम शेक आणि हायल्युरोनिडेज (औषध मांसात पसरू देणारं इंजेक्शन). इथे उलटं झालं, म्हणजे व्हिंक्रिस्टिनवर बर्फ ठेवला, तर इजा वाढते. भिंतीवरच्या कागदावर दोन रंग वापरा. निळ्या चौकटीत लाल औषधं आणि मायटोमायसिन, तांबड्या चौकटीत 'व्हि'ने सुरू होणारी तिन्ही.

थंड शेक: २० मिनिटं, दिवसातून ४ वेळा, पहिले एक-दोन दिवस. बर्फ थेट त्वचेवर नाही. मासळीबाजारातला फोडलेला बर्फ पिशवीत भरून वर पंचा गुंडाळला तर चालतो. पण तो स्वच्छ नसतो, पाणी झिरपून त्वचेला लागता कामा नये. गरम शेक: तोही २० मिनिटं, ४ वेळा, कोरडा. ओल्या फडक्याने त्वचा भिजून मऊ पडते आणि लवकर फाटते. पिशवी आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, कारण बधिर हाताला चटका कळत नाही.

ऑक्झॅलिप्लॅटिनला बर्फ नको. ते औषधच थंडीने नसांना झिणझिण्या आणतं. पॅक्लिटॅक्सेल आणि डोसेटॅक्सेलला थंड की गरम यावर मार्गदर्शक तत्त्वांत एकमत नाही, तुमच्या ऑन्कोलॉजिस्टकडून एकच उत्तर लेखी घ्या आणि तेच सगळ्यांनी पाळा. सिस्प्लॅटिन भरपूर सलाईनमध्ये पातळ करून देता, तेव्हा ते बहुतेक वेळा नुसतं चुरचुरतं. पण घट्ट द्रावण २० मिलीच्या वर सांडलं तर ते व्हेसिकंटसारखं वागतं. ५-एफयू आणि कार्बोप्लॅटिन त्रासदायक, पण सहसा मांस मारत नाहीत.

मॅगसल्फ-ग्लिसरीन आणि हेपरिनचं मलम: साध्या सलाईनच्या सुजेला लोक वापरतात, ते वेगळं. केमोच्या व्हेसिकंटला ते निष्प्रभ करत नाही, आणि पट्टीखाली त्वचा झाकली जाते. दोन दिवसांनी पट्टी काढल्यावर फोड दिसतो. कागदावर 'नको' असं स्पष्ट लिहा. तिथेच स्टेरॉइड टोचणं हेही नको, व्हिंकाच्या, म्हणजे 'व्हि'ने सुरू होणाऱ्या औषधांच्या, गळतीत तर ते अपायकारक.

आता डेक्स्राझोक्सेन. युरोपात २००६ मध्ये आणि अमेरिकेत २००७ मध्ये अँथ्रासायक्लिनच्या, म्हणजे या लाल औषधांच्या, गळतीसाठी ते मंजूर झालं. पहिला डोस ६ तासांच्या आत. पहिल्या दिवशी १००० मिग्रॅ प्रति चौरस मीटर, दुसऱ्या दिवशी तेवढाच, तिसऱ्या दिवशी ५००. कितीही मोठा माणूस असला तरी पहिल्या दोन दिवशी २००० आणि तिसऱ्या दिवशी १००० मिग्रॅच्या वर नाही. दुसऱ्या हाताच्या मोठ्या शिरेतून, एक ते दोन तासांत. दुसरा आणि तिसरा डोस साधारण त्याच वेळेला. बर्फ १५ मिनिटं आधी काढायचा, कारण आता त्या जागेला रक्त पोचायला हवं, नाहीतर औषध तिथे जाणारच नाही. क्रिएटिनिन क्लिअरन्स ४० च्या खाली असेल तर डोस निम्मा. यानेही पांढऱ्या पेशी उतरतात, मूळ केमोचा परिणाम आहेच, म्हणून सीबीसीवर (रक्तपेशींच्या मोजणीवर) लक्ष.

१.५ चौरस मीटरला हिशेब: १५००, १५००, ७५० मिग्रॅ. ५०० मिग्रॅच्या कुप्या असतील तर ३ + ३ + २, म्हणजे ८. आठही कपाटात ठेवायला परवडणार नाहीत हे खरं. पण पहिल्या दिवसाच्या तीन-चार कुप्या तरी हव्यातच. सिंधुदुर्गातून मुंबई रस्त्याने सहा तासांत गाठता येत नाही, रेल्वेचं वेळापत्रक आपल्या सोयीचं नसतं. कोल्हापूर घाटापलीकडे आणि पावसात घाट बंद होतो. दक्षिणेकडून बांबोळी जवळ. पहिला डोस हाताशी असेल तर उरलेला साठा मागवायला पूर्ण एक दिवस मिळतो. निर्णय ऑन्कोलॉजिस्टचाच: गळती किरकोळ आणि वरवरची असेल तर काही जण थंड शेक आणि डीएमएसओवर भागवतात.

डीएमएसओ म्हणजे डायमिथिल सल्फॉक्साइड, ९९ टक्के, औषधी दर्जाचं. रंगांच्या किंवा रसायनांच्या दुकानातलं औद्योगिक नको. ते त्वचेतून आत शिरतं आणि सोबतची भेसळही आत नेतं. सुजेच्या जागेपेक्षा मोठ्या भागावर, दर १० चौरस सेंमीला ४ थेंब, दर ८ तासांनी, किमान ७ दिवस. उघडं वाळू द्यायचं, पट्टी बांधायची नाही, नाहीतर फोड येतात. तोंडाला लसणासारखा वास येतो, ते आधी सांगून ठेवा. डेक्स्राझोक्सेन देत असाल तर डीएमएसओ नाही, दोन्ही एकत्र दिल्याने परिणाम घटतो.

साठवणीचं कोकणातलं एक विशेष: डीएमएसओ १८.५ अंशाला गोठतं. फ्रिजमध्ये ठेवलं तर दगड होतं आणि नेमकं घाईच्या वेळी पातळ होईपर्यंत वाट बघावी लागते. बाहेर कपाटात ठेवा, पण झाकण घट्ट. ते हवेतली ओल ओढून घेतं आणि जुलैत आपल्या हवेत ओल किती असते ते सांगायला नको. काचेची गडद बाटली, कारण काही प्लास्टिक ते विरघळवतं.

हायल्युरोनिडेज १५०० युनिटच्या कुपीत मिळतं. १० मिली सलाईनमध्ये विरघळवलं की १५० युनिट प्रति मिली. गळतीच्या आकाराप्रमाणे १५० ते ९०० युनिट म्हणजे १ ते ६ मिली, २५ नंबरच्या सुईने कडेकडेने त्वचेखाली. १ मिली असेल तर ०.२ मिलीचे पाच टोचे, प्रत्येक टोच्याला नवी सुई. लाल औषधाला हे चुकूनही नाही, ते पसरेल.

किटच्या डब्यात: नायट्राइल हातमोजे, १० मिलीच्या सिरिंजा, २५ नंबरच्या सुया, गॉझ, मार्कर, मोजपट्टी, जेलपॅक (एक फ्रिजरमध्ये, एक गरम करायचा), हायल्युरोनिडेज, डीएमएसओ, डेक्स्राझोक्सेनच्या कुप्या कुठे आहेत त्याची चिठ्ठी, नोंदीचे कोरे कागद, फोन नंबर. महिन्याच्या पहिल्या सोमवारी मुदत तपासून झाकणावर सही. वापरलेल्या नळ्या आणि सिरिंजा सायटोटॉक्सिक खुणेच्या पिवळ्या पिशवीत, बायोमेडिकल कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे.

सिस्टर_तळकोकण

दोघांचेही मनापासून आभार. 'कोंडायचं' आणि 'पसरवायचं' हे तसंच भिंतीवर लिहीन.

दोन शंका. लाल औषध देताना शिरेवर कधी कधी लाल रेघा उठतात, खाज येते. रक्त व्यवस्थित मागे येतं. तेही गळणंच का? आणि व्हिंक्रिस्टिन सिरिंजने द्यावं की बाटलीतून?

केमोनर्स_२०

रेघा शिरेच्या वाटेने, खाज आहे, पण दुखत नाही, सूज नाही, रक्त येतंय: ही फ्लेअर रिअॅक्शन, शिरेची अॅलर्जी. थांबा, सलाईन वाहू द्या, अर्ध्या-एक तासात रेघा उतरतात. मग डॉक्टरांना विचारून सावकाश पुढे. ज्यात दुखणं, जळजळ, टोकाभोवती गोल फुगवटा किंवा थेंब पडणं मंदावणं यातलं काहीही आहे, ते गळणं समजायचं. मनात शंका आहे तोवर गळणंच.

तिसरा प्रकार फ्लेबायटिस, म्हणजे शिरेचा दाह, तो साधारण दोन-तीन दिवसांनी. शीर सुतळीसारखी कडक लागते. पॅक्लिटॅक्सेलनंतर पुष्कळदा.

व्हिंक्रिस्टिन ५० मिलीच्या सलाईनच्या छोट्या पिशवीत, ५ ते १० मिनिटांत, पंपाशिवाय, पूर्ण वेळ शेजारी उभं राहून. सिरिंजमध्ये भरूच नका. कारण गळतीपेक्षाही गंभीर: पाठीच्या कण्यात द्यायच्या औषधाच्या सिरिंजशी अदलाबदल झाली तर पेशंट दगावतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये याबद्दल इशारा दिला आहे. पिशवी कोणी कण्यात टोचत नाही.

वाडीकर

वाचतोय. मी नातेवाइकांच्या बाजूने विचारतो. घरी आल्यावर सात-आठ दिवसांनी हात काळा पडायला लागला तर? गावात लोक बिब्बा घालायला सांगतात, कोणी कोरफड, कोणी हळदीचा लेप, मुठेल (कोकमाचं तेल). यातलं काय चालतं?

शल्य_चिपळूण

वाडीकर, बिब्बा अजिबात नाही. बिब्बा आणि काजू एकाच कुळातले, दोन्हींचं तेल फोड आणतं. आधीच मरत चाललेल्या त्वचेवर दुसरी भाजणी होते आणि मग मूळ जखम कुठली हे आम्हालाही ओळखता येत नाही. डाग देणंही नाही. हळदीचा किंवा कोरफडीचा लेप फुटलेल्या त्वचेवर नको. लेपाने रंग झाकला जातो आणि रंग बघूनच आम्ही ठरवतो. भेगांना मुठेल ठीक, ते पायाला लावा, या हाताला नाही.

सात-आठ दिवसांनी काळं पडणं हे या इजेचं ठराविक वेळापत्रक आहे. पहिले दोन-तीन दिवस किंचित सूज, दुखणं. मग थोडं बरं वाटतं आणि माणूस निर्धास्त होतो. पुढे त्वचा गडद, कडक, चामड्यासारखी, कधी फोड, आणि दोन ते तीन आठवड्यांत मध्यभाग फुटून खड्डा. तो स्वतःहून भरत नाही, कारण तळाशी औषध अजून आहे. प्रत्येक गळतीची जखम होतेच असं नाही, पुष्कळ जागा नुसत्या डागावर थांबतात. म्हणूनच पहिल्या आठवड्यात घाईने कापायचं नसतं. पण दुखणं उतरायच्या ऐवजी वाढत असेल, त्वचा काळी होऊन कडा कडक झाल्या असतील, किंवा बोटं पूर्ण मुठीत वळत नसतील, तर प्लास्टिक सर्जनकडे त्याच आठवड्यात. मेलेला आणि औषधाने माखलेला भाग पूर्ण काढावा लागतो. अर्धवट काढून लगेच त्वचा लावली तर ती धरत नाही. खालून लाल, रक्त येणारं मांस दिसेपर्यंत थांबून मग ग्राफ्ट. स्नायूबंध उघडा पडला असेल तर नुसत्या ग्राफ्टने भागत नाही, फ्लॅप (रक्तपुरवठ्यासह त्वचा-मांसाचा तुकडा) लागतो.

सिस्टर, फार मोठी गळती असेल, हात टणक झाला असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी सर्जनला फोन करा. पहिल्या काही तासांत त्वचेला छोटे छेद देऊन सलाईनने आतली जागा धुण्याची पद्धत आहे. ती जाणत्या हातानेच करायची, पण तिची वेळ निघून गेली की गेली.

आणि एक गोष्ट कार्डावर मोठ्या अक्षरात हवी. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात आणि नेमकी तेव्हाच ही त्वचा फुटते. उघडी जखम आणि ताप ३८ अंशाच्या वर: रात्र असली तरी निघायचं, सकाळची पहिली एसटी नाही. पावसाळ्यात लावणीच्या चिखलात तो हात घालायचा नाही, गुरांच्या गोठ्यात नाही, मासे साफ करणं नाही. आपल्या भातखाचरांत लेप्टो आहे, तो फुटलेल्या त्वचेतून शिरतो. खाडीच्या किंवा समुद्राच्या पाण्यात जखम बुडवून 'खारं पाणी औषध' हेही नको.

पुढच्या सायकलला दुसरा हात. आणि हेही सांगून ठेवा की काही महिन्यांनी डॉक्सोरुबिसिन दुसऱ्या हातातून दिलं तरी जुनी जागा पुन्हा लाल होऊन दुखू शकते. ती नवी गळती नसते, पण दाखवायची.

औषधशास्त्र_रत्नागिरी

घरी पाठवण्याबद्दल सिस्टरांनी विचारलं होतं, ते राहिलं. दोन सोप्या गोष्टी वेळापत्रकातच बसवा. ज्यांना लाल औषध किंवा व्हिंक्रिस्टिन आहे त्यांना सकाळी पहिले घ्या आणि इतर औषधांच्या आधी तेच द्या, तेव्हा शीर ताजी असते. याबद्दल वेगळं मतही आहे, पण छोट्या केंद्रात याचा दुसरा फायदा आहे: दुपारपर्यंत पेशंट डोळ्यासमोर राहतो. शेवटची गाडी पकडायच्या घाईत व्हेसिकंट कधीच नाही. गाडी चुकली तर मुक्कामाची सोय करता येते.

कार्ड मराठीत, मोठ्या टाइपात, पेशंटच्या हातात एक आणि सोबत आलेल्याच्या हातात एक. औषधाचं नाव, कुठला हात, तारीख. गळती झालेली असेल तर सेंटिमीटरमधली मापं, आखलेली कड, शेक कुठला आणि किती वेळा. फोटो कधी पाठवायचे: दुसऱ्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आणि मग आठवड्याला एकदा, सहा आठवडे. रेंज नसेल तर आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरना कार्डावर नाव घालून आधीच कळवा. त्या घरी जाऊन बघून येतील आणि बाजारात आल्या की फोटो पाठवतील. 'काही वाटलं तर या' असं लिहू नका, काही वाटेपर्यंत उशीर होतो. 'अमुक तारखेला दाखवा' असं लिहा.

लघवी एक-दोन दिवस लाल होते, तेही त्याच कार्डावर. नाहीतर घरचे त्यालाच रक्त समजून घाबरतात आणि हाताकडे कोणी बघत नाही.

सिस्टर_तळकोकण

पुढच्या महिन्यात एका पेशंटच्या ४ लाल सायकल आणि मग दर आठवड्याला १२ पॅक्लिटॅक्सेल सुरू होणार आहेत. दोन्ही हातांच्या शिरा आत्ताच बारीक. पोर्टचं (छातीत त्वचेखाली बसवायची, मोठ्या शिरेला जोडलेली डबी) विचारावं का? आणि पोर्ट असला की गळण्याची भीती संपते का?

केमोनर्स_२०

नक्की विचारा, आणि पहिल्या सायकलच्या आधी. सोळा वेळा टोचायचं आहे आणि एक हात शस्त्रक्रियेमुळे बाद असेल तर सगळा भार उरलेल्या हातावर. पिक लाइनही (दंडातून मोठ्या शिरेपर्यंत घातलेली लांब नळी) चालते, पण तिला आठवड्याला ड्रेसिंग लागतं आणि एप्रिल-मेच्या घामात ते सुटतं. विहिरीवर अंघोळ करणाऱ्याला ती सांभाळणं कठीण. पोर्ट त्वचेखाली असतो, वापरात नसताना काही बांधावं लागत नाही.

भीती मात्र संपत नाही, जागा बदलते. ह्युबर सुई (पोर्टमध्ये टोचायची खास सुई) पूर्ण तळाला टेकलेली नसेल किंवा पेशंट कुशीवर वळल्यावर वर आली असेल, तर औषध छातीच्या त्वचेखाली साठतं. तिथे चरबी आणि मांस सैल, त्यामुळे बरंच औषध सांडेपर्यंत कळत नाही. म्हणून जाड माणसाला सुईची लांबी बघून घ्या, १० मिली सलाईन जाताना छातीवर बोट ठेवा, रक्त मागे आलं नाही तर व्हेसिकंट सुरूच करू नका. पेशंटला हात वर करायला, खोकायला, कूस बदलायला सांगा. तरी येत नसेल तर एक्स-रे. नळीच्या टोकाला गुठळीचं आवरण आलं असेल तर औषध नळीच्या बाहेरून उलटं मागे येतं, आणि गळपट्टीच्या हाडाखाली नळी चेपून तुटलेलीही असू शकते. पोर्टमधून लाल औषध गळलं तर सुई ठेवूनच मागे ओढायचं, थंड शेक, आणि डेक्स्राझोक्सेनसाठी लगेच फोन. छातीतल्या गळतीला डीएमएसओवर विसंबून राहू नका.

सिस्टर_तळकोकण

समजलं. पोर्टसाठी आजच मुंबईच्या युनिटला लिहिते. एक बारीक शंका: साध्या स्केचपेनने आखलेली कड इथल्या घामाने संध्याकाळपर्यंत पुसून जाते.

शल्य_चिपळूण

शस्त्रक्रियेआधी खुणा करायचा सर्जिकल स्किन मार्कर मिळतो, तो वापरा. आखण्याआधी कोरड्या गॉझने घाम टिपा, स्पिरिट लावू नका. घरच्यांना तोच मार्कर देऊन सांगा की रोज सकाळी फिकी झालेली जुनी रेघ गिरवायची आणि सूज तिच्या बाहेर गेली असेल तर नवी रेघ दुसऱ्या बाजूला तारखेसह काढायची. जुनी पुसायची नाही. दोन रेघांमधलं अंतर वाढत असेल तर फोनवर तेवढंच सांगितलं तरी आम्हाला पुरतं.